शाळेची परदेश सहल आणि मुलांचा व्हिसा: पहिल्यांदाच जबाबदारी घेणाऱ्यांसाठी

परदेश सहलीची नोटीस निघाली की नाव नोंदवायला झुंबड उडते. त्याच आठवड्यात दोन-तीन पालक मात्र शाळा सुटल्यावर, व्हरांडा रिकामा झाल्यावर येऊन भेटतात. "बाई, ह्याचे वडील आमच्याबरोबर राहत नाहीत. त्यांची सही लागेल का?" किंवा, "जन्मदाखल्यावर माझं नाव वेगळं आहे, चालेल ना?" पुण्यातल्या आमच्या शाळेच्या सहलींचे कागद मी काही वर्षं सांभाळते आहे. यादीतून ऐनवेळी ज्या मुलाचं नाव गळतं, ते बहुतेकदा अशाच घरातलं असतं. व्हिसाची सगळी कागदपत्रं एकच गृहीत धरून चालतात: आई-वडील एका घरात आहेत, दोघांची नावं सगळीकडे सारखी आहेत आणि दोघंही सही करायला हजर आहेत. ज्यांचं तसं नाही त्यांना काम जास्त आणि वेळही जास्त लागतो. म्हणून पहिला नियम हाच ठेवा: ज्या मुलाचे कागद अवघड, त्याची फाईल सगळ्यात आधी उघडा.

मी मे महिन्यातली युरोपची सहल धरून लिहिते आहे. आमच्याकडच्या शाळांना तीच सर्वांत जास्त घाम फोडते. इतर देशांचं पुढे थोडक्यात सांगते.

आधी ठरवा: कुठे आणि कशासाठी

शेंगेन व्हिसा म्हणजे युरोपातल्या २९ देशांत चालणारा एकच व्हिसा. अर्ज कुणाच्या वकिलातीत करायचा हे आपल्या आवडीवर नसतं. ज्या देशात सर्वांत जास्त मुक्काम, त्या देशाकडे अर्ज. स्वित्झर्लंडमध्ये चार रात्री, जर्मनीत तीन, फ्रान्समध्ये दोन असतील तर अर्ज स्वित्झर्लंडकडे. रात्री समसमान असतील तर जिथे पहिलं पाऊल पडणार त्या देशाकडे. ट्रॅव्हल कंपनी "अमुक देशाची अपॉइंटमेंट लवकर मिळते, तिथून टाकू" म्हणाली तर ऐकू नका. मुक्काम एका देशात आणि अर्ज दुसऱ्याकडे हे दिसलं की शंका तिथेच सुरू होते.

दुसरी गोष्ट सहलीच्या हेतूची. शेंगेनची व्हिसा फी जून २०२४ पासून मोठ्यांना ९० युरो आणि ६ ते १२ वर्षांखालच्या मुलांना ४५ युरो आहे. पण अभ्यासासाठी किंवा शैक्षणिक प्रशिक्षणासाठी जाणारे शालेय विद्यार्थी आणि त्यांच्यासोबतचे शिक्षक यांना ही फी नियमानेच माफ आहे. जर्मनीतल्या जोडशाळेबरोबर विद्यार्थी-अदलाबदल असेल तर ही सवलत मागा, तिथल्या शाळेचं निमंत्रणपत्र जोडा. नुसती आयफेल टॉवर आणि बर्फ बघायची सहल असेल तर ती मागू नका. अर्ज स्वीकारणाऱ्या केंद्राचं सेवाशुल्क मात्र माफीतही भरावं लागतं.

पासपोर्ट: दिवाळीच्या सुट्टीआधी

शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. निकालाला साधारण पंधरा दिवस लागतात, शंका आली तर ४५ पर्यंत जातात. मे महिन्याच्या सहलीसाठी मार्च-एप्रिलमध्ये सगळा महाराष्ट्र अपॉइंटमेंट शोधत असतो. मी ऑगस्टमध्ये पासपोर्ट तपासायला घेते आणि दिवाळीपर्यंत सगळ्यांचे पासपोर्ट तयार हवेत असं पालकांना लेखी कळवते.

मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांचा किंवा अठरा वर्षं पूर्ण होईपर्यंतचा, यांत जे आधी येईल तेवढाच असतो. १५ ते १८ वयात पूर्ण फी भरून दहा वर्षांचा घेता येतो. चौथीत असताना काढलेला पासपोर्ट नववीत गेल्यावर संपलेला असतो, आणि हे घरी कुणाच्या लक्षात नसतं. शेंगेनसाठी परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने मुदत आणि दोन कोरी पानं हवीत. सिंगापूरसारखे देश सहा महिने मागतात. म्हणून आमच्या शाळेत सरसकट सहा महिन्यांचाच निकष लावतो.

नवा पासपोर्ट काढताना दोन्ही पालकांच्या सहीचं संमतीचं परिशिष्ट 'डी' (Annexure D) लागतं. एका पालकाची संमती मिळणं शक्य नसेल तर परिशिष्ट 'सी' (Annexure C) आहे. त्यात अर्ज करणारा पालक कारण लिहून जबाबदारी घेतो. एकट्या आईने वाढवलेल्या मुलाच्या पासपोर्टवर वडिलांचं नाव असलंच पाहिजे अशी सक्ती डिसेंबर २०१६ पासून राहिलेली नाही. ही माहिती अनेक आयांना नसते. त्यांना बाजूला घेऊन नीट सांगा. कित्येकींनी निव्वळ या भीतीने पासपोर्ट काढणंच टाळलेलं असतं.

तुमच्या यादीत अमेरिकेत जन्मलेलं, अमेरिकन पासपोर्ट आणि ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्यांना मिळणारं कार्ड) असलेलं एखादं मूल असेलच. त्याला पर्यटनासाठी शेंगेन व्हिसा लागत नाही. पण भारतात परतताना पासपोर्ट आणि ओसीआय कार्ड दोन्ही हातात हवं. व्हिसा लागत नाही म्हणून या मुलाच्या कागदांकडे सगळ्यांचंच दुर्लक्ष होतं.

नावं: इथे घाई करू नका

एक टेबल मोकळं करा. प्रत्येक मुलासाठी चार कागद शेजारी-शेजारी मांडा: मुलाचा पासपोर्ट, जन्मदाखला, आईचं ओळखपत्र, वडिलांचं ओळखपत्र. मग बोट ठेवून एकेक अक्षर वाचा.

आपल्याकडे काय काय निघतं ते सांगते. लग्नात आईचं पाळण्यातलं नाव बदललेलं असतं. बाळंतपण माहेरी झालं, तिथल्या ग्रामपंचायतीत जन्माची नोंद झाली, आणि आजोबांनी लेकीचं नाव माहेरचंच सांगितलं. पुढे आईचा पासपोर्ट निघाला तो सासरच्या नावाने. वकिलातीतल्या अधिकाऱ्याला ही पद्धत कशी ठाऊक असणार? त्याला दोन वेगळ्या बायका दिसतात आणि संमतिपत्रावर सही करणारी बाई या मुलाची आई आहे याला पुरावा दिसत नाही. अशा वेळी विवाह नोंदणी प्रमाणपत्र, राजपत्रातल्या नावबदलाची प्रत, आणि दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र जोडायचं. विवाह नोंदणीच झालेली नसेल तर ती आता करून घ्यायला सांगा. त्याला वेळ लागतो, म्हणूनच ऑगस्ट.

दुसरं, बाळाचं नावच नसलेला जन्मदाखला. दवाखान्याने नोंद कळवली तेव्हा बारसं झालेलं नव्हतं आणि नंतर कुणी नाव घालायला गेलंच नाही. जन्मनोंदणीच्या कायद्यात पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून नाव घालता येतं. आठवी-नववीतल्या मुलांच्या बाबतीत ही मुदत अगदी उंबरठ्यावर असते. दाखला फक्त मराठीत आणि हाताने लिहिलेला असेल तर इंग्रजी भाषांतर करून प्रमाणित करून घ्या.

तिसरं तर शाळेचंच पाप. आपलं हजेरीपत्रक आडनावापासून सुरू होतं: आडनाव, नाव, वडिलांचं नाव. पासपोर्टवर मात्र नाव आणि वडिलांचं नाव एका रकान्यात, आडनाव वेगळ्या रकान्यात. एका वर्षी मी हजेरीपत्रकावरून केलेली यादी जशीच्या तशी तिकिटांसाठी दिली. दोन मुलींच्या तिकिटांवर आडनावाच्या जागी वडिलांचं नाव आलं. दुरुस्तीचा भुर्दंड पालकांना पडू नये म्हणून तो मी भरला. तेव्हापासून यादी फक्त पासपोर्ट समोर ठेवून करते आणि ती पालकाकडून सही करून घेते.

आणि एक विनंती. पासपोर्टचे फोटो वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मागवू नका. मुलांची जन्मतारीख, पत्ता, आई-वडिलांची नावं शंभर फोनवर पसरतात. शाळेच्या एकाच ईमेलवर घ्या, नाहीतर छापील प्रती घ्या.

संमतिपत्र

मुलांच्या व्हिसातला सर्वांत मोलाचा कागद हाच. परक्या देशाला तीन गोष्टी कळायला हव्या असतात: मुलाला कोण पाठवतंय, त्याची जबाबदारी तिथे कुणावर आहे, आणि ते परत कधी येणार. या तीनही प्रश्नांची उत्तरं एका पानात द्यायची. इंग्रजीत लिहा. मुलाचं नाव, जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक, दोन्ही पालकांची नावं आणि ओळखपत्रांचे क्रमांक, जाण्या-येण्याच्या तारखा, देश, शाळेचं नाव, सोबतच्या शिक्षकांची नावं आणि त्यांचे पासपोर्ट क्रमांक, अचानक दवाखान्यात न्यावं लागलं तर उपचारांना संमती, पालकांचे फोन. शेवटी दोघांच्या सह्या, आणि नोटरीसमोरच.

शिक्षकांची नावं लिहिताना एक राखीव शिक्षकही घाला. सोबत जाणारे सर आजारी पडले आणि त्यांच्या जागी दुसरे गेले, तर चाळीस संमतिपत्रं पुन्हा नोटरीकडे न्यावी लागतात.

मुद्रांकावर करायचं असेल तर महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून शंभराऐवजी पाचशेचा मुद्रांक लागतो. हा खर्च सहलीच्या पत्रकातच सांगून टाका. सही पासपोर्टवरच्या सहीशी जुळते का ते तिथल्या तिथे बघा. पासपोर्टवर आईची सही मराठीत आणि संमतिपत्रावर इंग्रजीत, हे मी दर वर्षी पाहते. पालकांकडे पासपोर्ट नसेल तर काही बिघडत नाही, आधार किंवा पॅनची प्रत चालवून घेता येते.

आता अवघड घरं. वडील दुबईला किंवा अमेरिकेत असतील तर त्यांनी तिथल्या भारतीय वकिलातीत किंवा तिथल्या नोटरीसमोर सही करून मूळ प्रत कुरियरने पाठवायची. एक पालक हयात नसेल तर मृत्यूचा दाखला. घटस्फोट झाला असेल तर न्यायालयाच्या आदेशाची पूर्ण प्रत, कारण ताबा कुणाकडे आणि परदेशी न्यायला परवानगी लागते का हे आतल्या पानांवर असतं. काका-मामांकडे वाढणाऱ्या मुलासाठी न्यायालयाचा पालकत्वाचा आदेश हवा. 'आम्हीच सांभाळतो' एवढ्यावर भागत नाही. आणि घटस्फोट झालेला नाही, पण वडील घर सोडून गेलेत, पत्ता नाही, ही परिस्थिती सगळ्यांत कठीण. तिथे आईचं सविस्तर प्रतिज्ञापत्र आणि जे काही लेखी असेल ते सगळं जोडावं लागतं, आणि वकिलाचा सल्लाही घ्यावा. असं मूल दिसलं तर त्याच्या आईला नोटिशीच्या दिवशीच भेटा. आणि हे बोलणं वर्गासमोर, मुलासमोर कधीही करू नका.

शाळेचं पत्र आणि पैशाचे कागद

शाळेच्या लेटरहेडवर मुख्याध्यापकांच्या सहीचं एक पत्र, त्याला सगळ्यांची यादी जोडलेली: नाव, जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक, इयत्ता. शाळा पुन्हा कधी सुरू होणार ती तारीख त्यात जरूर लिहा. मूल परत येणार याचा तो सर्वांत साधा पुरावा आहे. शिवाय प्रत्येकाचं बोनाफाईड. गट एकच असला तरी प्रत्येक मुलाचा फॉर्म आणि फाईल वेगळी असते. खाली सही पालकाची.

पैशासाठी साधारणपणे पालकांचं तीन महिन्यांचं बँक स्टेटमेंट, पगारपत्रकं आणि आयकर विवरणपत्रं मागतात. शेतकरी पालक इथे गडबडतात, कारण शेतीच्या उत्पन्नावर कर नाही आणि विवरणपत्र भरलेलंच नसतं. त्यांच्यासाठी सातबारा, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि बँकेचं पासबुक, तिन्हींचं इंग्रजी भाषांतर आणि दोन ओळींचं स्पष्टीकरण. खर्च आजोबा किंवा एखादी संस्था करत असेल तर तसं त्यांचं पत्र. अर्जाच्या आदल्या आठवड्यात खात्यात अचानक मोठी रक्कम भरू नका. ती लपत नाही आणि प्रश्न वाढवते.

विमा किमान ३०,००० युरोंचा आणि सगळ्या शेंगेन देशांत चालणारा हवा.

अर्जाचा दिवस

बऱ्याच युरोपीय देशांचे अर्ज खासगी केंद्रांमार्फत घेतले जातात. वकिलातीपर्यंत फाईल केंद्र पोचवतं, निर्णय वकिलातीचाच. केंद्राला आधी ईमेल करून गटाची वेळ मागा. चाळीस मुलांच्या चाळीस वेगवेगळ्या वेळा घेतल्या तर शिक्षकाचे पंधरा दिवस रांगेतच जातात.

बारा वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं. त्याखालच्यांचे ठसे घेत नाहीत, तरी काही देश त्यांनाही हजर राहायला सांगतात. शेंगेनसाठी आधी ठसे दिले असतील तर ते ५९ महिने वापरता येतात. मुलींना आधीच बजावा, त्या आठवड्यात कुणाचं लग्न असलं तरी बोटांच्या टोकांना मेंदी नको. ठसे उमटत नाहीत आणि पुन्हा यावं लागतं.

'यापूर्वी व्हिसा नाकारला गेला आहे का' या प्रश्नाला खरं उत्तर द्या. पालक लपवतात, कारण त्यांना वाटतं मुलाला त्रास होईल. नकारापेक्षा लपवणं कितीतरी जास्त महागात पडतं.

पैसे घेण्याआधीच एक गोष्ट लेखी ठरवा: एखाद्या मुलाचा व्हिसा नाकारला गेला तर किती रक्कम परत मिळणार. आणि ते मुलाला कोण सांगणार हेही ठरवा. वर्गातले सगळे बॅगा भरत असताना एकटं मागे राहणं बारा वर्षांच्या मुलाला झेपत नाही. फोनवरून कळवू नका, घरी जा.

युरोप सोडून

ब्रिटनमध्ये मुलांच्या पर्यटक व्हिसाचे दोन प्रकार आहेत. 'सोबतीसह' व्हिसात सोबतच्या मोठ्या माणसांची, जास्तीत जास्त दोघांची, नोंद असते आणि त्यांच्याखेरीज दुसऱ्या कुणाबरोबर गेलं तर प्रवेश नाकारला जाऊ शकतो. शाळेच्या गटात शिक्षक बदलू शकतात. म्हणून मूल एकटं किंवा कुणाही बरोबर जाऊ शकेल असा 'सोबतीविना' प्रकार बघा.

अमेरिकेची फी १८५ डॉलर. पूर्वी चौदा वर्षांखालच्या मुलांना मुलाखतीतून सूट मिळायची. २ सप्टेंबर २०२५ पासून त्यांनाही साधारणपणे मुलाखतीला जावं लागतं. जुन्या सहलींच्या अनुभवावर विसंबू नका. सोळा वर्षांखालच्या मुलाच्या फॉर्मवर पालक सही करू शकतात. फोटोत चष्मा नको.

सिंगापूर सोपं आहे. अधिकृत एजंटामार्फत अर्ज, तोही प्रवासाच्या तीस दिवसांच्या आत, फी ३० सिंगापूर डॉलर. पोचण्याच्या तीन दिवस आधीपासून प्रत्येकाचं आगमन कार्ड ऑनलाइन भरायचं. ते फुकट आहे. पैसे मागणाऱ्या नकली संकेतस्थळांपासून सावध राहा.

पहिलीच परदेश सहल असेल तर नेपाळचा विचार जरूर करा. भारतीयांना व्हिसा लागत नाही. १५ ते १८ वयाच्या मुलांना पासपोर्ट नसला तरी ठराविक नमुन्यातल्या मुख्याध्यापकांच्या ओळख प्रमाणपत्रावर जाता येतं. त्याखालच्या मुलांसाठी फोटो आणि वय दाखवणारा कागद, म्हणजे आधार, जवळ ठेवा. गरीब घरातलं मूलही यात मागे राहत नाही, म्हणून मला ही सहल फार आवडते.

परदेशात राहणारी मराठी कुटुंबं

लंडनमध्ये शिकणाऱ्या, भारतीय पासपोर्टच्या मुलाची शाळा पॅरिसला निघाली की वर्गातल्या ब्रिटिश मुलांना व्हिसा लागत नाही, याला मात्र लागू शकतो. वर्गशिक्षिकेला हे माहीत असेलच असं नाही. सहलीचं पहिलं पत्र आलं त्याच दिवशी शाळेला सांगा. ब्रिटिश मुलांच्या सामूहिक पासपोर्टवर भारतीय मुलाचं नाव घालता येत नाही.

जर्मनीत निवास परवाना असलेलं मूल पासपोर्ट आणि परवाना घेऊन इतर शेंगेन देशांत सहलीला व्हिसाशिवाय जाऊ शकतं. इंग्लंडचं गणित वेगळं. युरोपातल्या शाळांच्या प्रवासी यादीवर व्हिसाशिवाय प्रवेश देण्याची सोय ब्रिटनने १ ऑक्टोबर २०२१ पासून बंद केली. फ्रान्समधल्या शाळांसाठी ती डिसेंबर २०२३ मध्ये वेगळ्या फॉर्मवर पुन्हा सुरू झाली, आणि जर्मनीबरोबर तशाच सोयीचं जुलै २०२५ च्या करारात ठरलं. तुमच्या शाळेला तो फॉर्म लागू होतो का हे विचारून घ्या.

व्हिसा हातात आल्यावर

पाकीट उघडल्याबरोबर स्टिकर वाचा. नावाचं स्पेलिंग, पासपोर्ट क्रमांक, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, एकूण किती दिवस, आणि किती वेळा प्रवेश. कार्यक्रमात मध्येच लंडन असेल आणि शेंगेनमध्ये परत शिरायचं असेल, तर एका प्रवेशाचा व्हिसा उपयोगाचा नाही. चूक दिसली तर त्याच दिवशी केंद्राला कळवा.

युरोपच्या सीमेवर ऑक्टोबर २०२५ पासून नवी नोंदणी पद्धत सुरू झाली आहे. प्रत्येकाच्या चेहऱ्याचा फोटो घेतात. बोटांचे ठसे मात्र व्हिसा न लागणाऱ्या बारा वर्षांवरच्यांचे नोंदवतात, व्हिसावाल्यांचे अर्जाच्या वेळीच दिलेले असतात. चाळीस मुलांना याला वेळ लागतो, म्हणून फ्रँकफर्ट किंवा पॅरिसला विमान बदलायचं असेल तर मधे भरपूर वेळ असलेलंच तिकीट घ्या.

विमानतळावर मूळ संमतिपत्रं शिक्षकाच्या हातातल्या बॅगेत, सामानात नाही. प्रत्येक मुलाच्या गळ्यातल्या पाऊचमध्ये त्याच्या संमतिपत्राची, व्हिसाची, विम्याची प्रत आणि हॉटेलचा पत्ता. आदल्या दिवशी मुलांना समोर बसवून अधिकारी विचारतील ते विचारा: कुठे चाललायस, कुणाबरोबर, कधी परत येणार, सरांचं पूर्ण नाव काय. गेल्या खेपेला सहावीतल्या एका मुलीला बाकी सगळं आलं, पण माझं पूर्ण नाव येईना. तिला मी कायम 'बाई'च. आता ते नाव पाऊचच्या आतल्या बाजूला मोठ्या अक्षरात लिहून ठेवते.